लग्नपत्रिकेचं पॅकिंग

शिरूरच्या म्हाळू मिस्त्रीच्या गॅरेजात दौंडच्या जालिंदरचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी चुकून काढलंच, तर म्हाळू हातातला पाना खाली ठेवून थुंकायला बाहेर जायचा. माणूस एरवी वाईट नव्हता. फक्त जालिंदरचं नाव ऐकलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्यावर औषध नव्हतं.

सगळं आलं होतं बापूसाहेबांच्या जुन्या काळ्या मोटारीवरून. बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन. तालुक्यात मोटारी हाताच्या बोटांवर मोजता येत, तेव्हापासून ही मोटार म्हाळूच्या हातची. रस्त्यानं निघाली की लोक म्हणत, "म्हाळूची गाडी चालली." बापूसाहेब आत बसलेत हे त्यांना मागाहून आठवे. मग चौऱ्याहत्तर साली सव्वीस वर्षांच्या जालिंदरनं दौंड स्टेशनामागं शेड टाकली. सोयऱ्यांकडं गेलेले बापूसाहेब तिथून मोटारीचे ब्रेक दुरुस्त करून आले आणि म्हाळूच्या तोंडावर म्हणाले, "पोराच्या हाताला गुण हाय." त्या दिवसापासून म्हाळूला घास गोड लागेना.

पुढच्या साली उन्हाळ्यात मोटारीनं खोड काढली. चालू केली की उभ्या जागी थरथरायची, मध्येच एखादा ठोका गाळायची आणि बंद पडायची. रेस वाढवली की सुतासारखी सरळ. म्हाळूनं प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल बदलली, कार्बोरेटरची जेटं फुंकून काढली. थरथर काही जाईना. आठवडाभर वाट बघून बापूसाहेब म्हणाले, "मी दौंडला नेतो. तू बी चल. वाटंत बंद पडली तर चालू करायला कुणी तरी पायजे."

कुणी तरी! पंधरा वर्षं जिचं इंजिन मांडीवर घेतलं, तिच्यात म्हाळू आता 'कुणी तरी' म्हणून बसला. बापूसाहेब स्वतः चालवत होते. न्हावऱ्याला बंद पडली, चौफुल्याला दोनदा. दरवेळी म्हाळू उतरून हँडल मारी आणि मनात म्हणे, त्या पोरट्यालाही सापडू नको दे देवा. माझं नाक कापलं ते कापलं, त्याचंही कापू दे. मागणं वाईट होतं हे त्याला कळत होतं, पण त्यानं ते मागं घेतलं नाही.

दौंडला शेडपाशी मोटार थांबताच जालिंदर पुढं आला, "या मामा" म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या आधी म्हाळूच्या हातात दिला. म्हाळूनं तो तसाच खाली ठेवला.

पोरानं बॉनेट उघडलं, मोटार चालू केली आणि नुसता उभा राहिला. मग स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक प्लग बाद करून बघितला. म्हाळूला बरं वाटलं. हे त्यानं केव्हाच करून पाहिलं होतं. पॉइंट बघितले, म्हाळूला आणखी बरं वाटलं. एवढ्यात जालिंदरनं तेलाची कुपी उचलली आणि कार्बोरेटरच्या बुडाशी सांध्यावर दोन थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं, आणि क्षणभर इंजिन ठोका न गाळता चाललं. पुन्हा थरथरलं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा थरथर बंद.

"हितं हवा वढतीय," जालिंदर म्हणाला.

म्हाळूच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या सांध्यात हवा अडवायला बसवलेलं कागदी पॅकिंग त्याच्या हातचं होतं. शिरूरात तयार पॅकिंग मिळायची मारामार, म्हणून लग्नसराई सरली की म्हाळू जाड पत्रिका जमवायचा. पत्रिका हातात आली की लग्न कुणाचं हे वाचायच्या आधी तो तिची जाडी बोटांनी चाचपायचा. हे पॅकिंग तर त्यानं स्वतःच्या पोरीच्या, रंभाच्या पत्रिकेतून कापलं होतं, पुण्याला छापलेल्या. साऱ्या मोटारीवर त्यानं संशय घेतला, त्या पॅकिंगवर नाही. आपला तो बाब्या.

जालिंदरनं कार्बोरेटर उतरवला, पॅकिंग अलगद सोडवलं, उजेडात धरून वाचलं. एकदा म्हाळूकडं बघितलं आणि पॅकिंग खिशात घातलं.

"काय व्हतं रं?" बापूसाहेबांनी बाकावरूनच विचारलं.

"जुनं पॅकिंग. पेट्रोलनं कुजलं."

संपलं होतं तिथंच. म्हाळूनं गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. पण त्याचं अंग पेटलं. यानं गाडी नेली, नाव नेलं, आणि आता आपल्याला पदराखाली झाकतोय? उपकार, आणि तेही याचे?

"खिशातनं काढ ते," म्हाळू म्हणाला. "दाखव सायबास्नी. माझंच हाय. माझ्या पोरीची पत्रिका हाय ती."

बापूसाहेब उठून आले. पॅकिंग हातात घेऊन त्यांनी उरलेली अक्षरं वाचली, चि. सौ. कां. रंभा. वर 'श्री म्हाळू' एवढंच शाबूत होतं.

"म्हंजी आठ दिस मी तुझ्याच चुकीपायी वाट बघत बसलो," ते शांतपणे म्हणाले. "जालिंदर, हिचं समदं आता तूच बघत जा."

जालिंदर गोंधळला होता. "मामा, मी लपवत न्हवतो वो," तो हळूच म्हणाला. "नमुन्याला ठिवलं व्हतं. कागद टिकला न्हाई, पर कापलंय कसं बघा. भोकं अशी गोल मला आजून जमत न्हाईत. तुमास्नी इचारायला शिरूरला यायचं म्हनतोय कवाधरनं, धीर व्हईना."

पंधरा वर्षं म्हाळू हेच शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकायला टपला होता. ऐकायला मिळाले ते याच्या तोंडून, आणि आजच.

नवं पॅकिंग घालून परतताना मोटार न्हावऱ्याला चहासाठी थांबली. बापूसाहेब इंजिन चालूच ठेवून उतरले. म्हाळू आत बसून कान लावून ऐकत राहिला. एक तरी ठोका गळावा, एवढीच त्याची इच्छा होती. बापूसाहेब चहा पिऊन आले, तरी एकही गळला नाही.