पुस्तकातला माझा पाय

बायको गेली आणि तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की घरात तिचा एकही धड फोटो नाही. लग्नाकार्याचे अल्बम तीन, आणि तिन्हींत ती डोळे मिटून उभी. फ्लॅश पडला की तिचे डोळे मिटायचेच. पोरीच्या लग्नात फोटोवाल्यानं सात वेळा काढला, सातही वेळा मिटले. शेवटी तोच म्हणाला, "काकू, तुमी आराम करा, मी नवरीचा काढतो." डोळे उघडे असलेला एकच फोटो, आधार कार्डावरचा. तिथं केंद्रावरच्या माणसानं "डोळे मिटू नका" असं इतकं दटावलं, की त्यात ती पायाशी विंचू दिसल्यासारखी बघते.

तेरवीला मंगरूळपीरच्या एका स्टुडिओतून तोच मोठा करून आणला, हार घातला, भिंतीला लावला. चार दिवस मी त्याच्याखाली जेवलो. पाचव्या दिवशी उतरवला आणि कोठीमागं उलटा ठेवला.

पोरगा म्हणाला, "बाबा, मायचा फोटो काहून काढला?"

"हे तुही माय नाई," मी म्हणालो. "हे कोनतीतरी पकडून आनलेली बाई हाये."

भिंतीवर नुसता खिळा राहिला. तिचं वर्षश्राद्ध यायचं होतं. सोयरेधायरे येणार, तिचे भाऊ येणार, आणि खिळ्याला कोण नमस्कार करणार? त्या दिवसापर्यंत तिचा खरा फोटो मिळाला पाहिजे, दुसरं काम मला उरलं नव्हतं. सगळ्या सोयऱ्यांना विचारून झालं. सगळीकडं ती मिटलेलीच.

श्राद्धाला दीड महिना राहिला असताना ग्रामपंचायतीचा शिपाई एक खोकं छातीशी धरून आला. पाण्याचा हंडा आणावा तसा वाकून. आत पुस्तक. मी चौथी शिकलो, पुस्तकं उचललीत, पण ज्याला उचलायला कंबर बांधावी लागते असं हे पहिलंच. शिपाई म्हणाला, "पंचायतीच्या नावानं आलं. चिठ्ठीत लिवलं हाये, एकशे बारा पानावरच्या दोघायले द्या."

"मंग माह्याकडं कायले आनलं?"

"काका, तुमचं तोंड तर काई ओळखू येत नाई त्याच्यात. पन काकूचं हसनं ओळखलं म्या."

त्यानं ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी एकदा बघितलं आणि पुस्तक मिटलं. शिपायाला चहा पाजून घालवला.

पस्तीसेक वर्षांमागं एक दाढीवाला माणूस शिरपूरचं जुनं मंदिर बघून निघाला आणि चुकीच्या बसमध्ये बसून आमच्या फाट्यावर उतरला होता. गळ्यात दोन कॅमेरे, पुढची बस सकाळी. आमच्याकडं राहिला. फोटोवाला आला म्हणून बायकोनं लग्नातलं लुगडं काढलं, पावडर लावली, आणि दाराशी हात सरळ करून उभी राहिली, शाळेत राष्ट्रगीताला राहतात तशी. हा बुवा "छान, छान" म्हणे आणि फोटो काढे गोठ्याच्या भिंतीचा. ती अर्धा तास उभी. तो भिंतीचाच काढे. सकाळी मी वावरातून लंगडत आलो, टाचेत काटा. ती आपल्या रोजच्या लुगड्यात ओट्यावर बसली, माझा पाय मांडीवर घेतला, बांगडीतली पिन काढली आणि टोकरायला लागली. तो तिथंच कुठंतरी होता. फोटो पाठवतो म्हणून गेला आणि पाठवला नाही. चार भाकरी खाऊन गेला, हे मात्र तिनं लक्षात ठेवलं. कोणी कॅमेरा काढला की म्हणायची, "मेल्याच्या डब्यात रीळच नव्हतं."

रीळ होतं.

सून बारावी शिकलेली. तिनं चिठ्ठी वाचून सांगितलं, की हे त्याचं उभ्या आयुष्याचं पुस्तक आहे, तरुणपणापासून आतापर्यंतचं, एकेक फोटो निवडून. नावं माहीत नव्हती, गाव माहीत होतं, म्हणून पंचायतीला पाठवलं. सून म्हणाली, "मामाजी, पह्यले एकशे बारावं पान काढा ना."

"सुरवातीपासून पाहीन," मी म्हणालो. "मानसानं जिंदगी घातली त्याच्यात."

हे अर्धं खरं होतं. अर्धं असं, की त्या पानावर परत जायची माझी हिंमत होईना.

शेजारचा माझा दोस्त एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. त्याला पुस्तकाचा वास लागला. तो रोज चहाच्या टायमाला यायचा. आम्ही पुस्तक पाटावर ठेवायचो, हात धुवून बसायचो, एक पान मी उलटायचो, एक तो.

"याच्या घरी रंग नव्हता का बे?" पहिल्याच दिवशी तो म्हणाला. सगळं काळंपांढरं.

सुरवातीच्या फोटोंत माणसंच माणसं. लिंबाखाली हजामत करणारा न्हावी, त्याच्या समोरच्या गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणाचा. एका बसस्टँडच्या बाकड्यावर सात माणसं झोपलेली, सातही डाव्या खांद्यावर कललेली. माझा दोस्त त्या फोटोवर पाव तास थांबला. म्हणाला, "बस आली असंन आन् गेली असंन. कंडक्टरनं हाक नाई मारली." त्यातला एकजण त्याच्या ओळखीचा निघाला असता, तर त्यानं तिकीट विचारलं असतं.

मधली पानं भिंतींची. भिंत, भिंत, गोवऱ्या, भिंत. गोवऱ्यांचीच चार पानं. दोस्त चिडला. "माह्या बायकोनं जनमभर गोवऱ्या थापल्या, तिचं पुस्तक कोनं काढलं?"

मलाही आधी तसंच वाटलं. मग मी चष्मा पुसून नीट बघितलं. प्रत्येक गोवरीवर पाच बोटांचा ठसा. तीन ओळी एका हाताच्या, उजव्या. चौथ्या ओळीपासून हात लहान आणि डावा. म्हणजे माय थापत होती, उठून गेली, आणि खालच्या ओळी डावखुऱ्या पोरीनं थापल्या. मी हे दोस्ताला दाखवलं. त्यानं आपला पंजा ठशाशेजारी धरून बघितला. मग म्हणाला, "हे त्याले समजलं होतं, का त्यानं उगीच काढला?"

"उगीच काढनारा चार पानं काढत नाई," मी म्हणालो.

तेव्हापासून मी पुस्तक वावर बघावं तसं बघायला लागलो. सावली कुठं पडली त्यावरून टाइम सांगायचा, जवारी कितीशी उभी त्यावरून महिना. एका फोटोत नुसती पायवाट, आणि पार टोकाला म्हैस. एवढ्याशा म्हशीसाठी हा माणूस उन्हात तासभर उभा असणार, कारण सावली बाराची आहे आणि म्हैस बाराला पाणी सोडून अशी एकटी वर येत नाही. ती येईपर्यंत हा थांबला. ओलीत करणारा माणूस दांडाच्या तोंडाशी उभा राहतो, पाणी पोचेपर्यंत हलत नाही, तसा. मला त्याचा मान वाटायला लागला. भाकरीचं मी सोडून दिलं.

शेवटच्या भागात माणसं कमी होतात. फोटो सगळे घरातले. एकच खिडकी, पावसात, धुक्यात, कपडे वाळत घातलेली. दोरीवर आधी लुगडं आणि धोतर, मग चार पानांनी नुसतं धोतर. त्याच्या स्वतःच्या चपला. दोस्त म्हणाला, "आता याले बाहीर काहून जावं वाटत नाई?"

"गुडघे गेले असतीन," मी म्हणालो. धोतराचं मी त्याला दाखवलं नाही.

पाचव्या दिवशी मी एकटा बसलो आणि एकशे बारावं पान काढलं.

पूर्ण पानभर. ओट्यावर ती, मांडीवर माझा पाय, हातात पिन. मी मागं हात टेकून तोंड वेंगाडलेलं, डोळे मिटलेले. आणि ती मान वर करून हसते आहे. डोळे उघडे, दात दिसताहेत, वरचा वाकडा दातसुद्धा. कोणाला दाखवायला हसत नव्हती. माझ्या बोंबलण्याला हसत होती. फ्लॅश नव्हता, तिला कळलंच नव्हतं. सुनेला हाक मारली, तिनं खालची ओळ वाचली: "काटा. नवरा-बायको, अकोला जिल्हा." तेव्हा आमचा वाशीम जिल्हा झालेला नव्हता.

"हाच पाह्यजे," मी म्हणालो.

पोरानं त्याचा मोबाइलवर फोटो काढला. पान फाडायचं कोणी म्हणालंही नाही, म्हणाला असता तर मी त्याला फाडला असता. पण महाराज श्राद्धाचा दिवस धरायला आले, तेव्हा पोरानं त्यांना मोबाइल दाखवला. महाराज मोबाइल जवळ घेऊन, लांब नेऊन बघत म्हणाले, "ह्याच्यात हे पण आहेत."

"हावो, मीच हावो," मी म्हणालो.

"जित्या माणसाच्या फोटोला हार चालत नाही. तुमाले काढून टाका, मंग चालंन."

पोरगा स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं मला कापलं. फोटो घरी आला: बायको हसते आहे, हातात पिन आहे, आणि मांडीवर घोट्यापासून तुटलेला एक पाय.

दोस्त म्हणाला, "हे त अपघाताचं निंगालं बे. पाह्यलं की पोलीस पाटलाले सांगा लागते."

"पाय तिच्या मांडीवरच हाये, तो कसा निंगन?" पोरगा म्हणाला.

मग मी स्वतः बसनं मंगरूळपीरला गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "चाचा, टेन्शन नका घेऊ. पाय गायब करून देतो. पण मग मांडी रिकामी दिसते. तिथं पूजेची थाळी ठेवून देतो." त्यानं माझ्यादेखत माउस फिरवला आणि थाळी ठेवली. दिवा, नारळ, उदबत्तीचा धूर. लुगडं हिरवं केलं. चेहरा गोरा केला. वाकडा दात सरळ केला. पिनेच्या जागी फूल दिलं. आणि मागं त्यानं बर्फाचे डोंगर लावले.

मी बघत राहिलो. नारळाकडं बघून खदाखदा हसणारी एक गोरी बाई, डोंगरात.

"कशी वाटली?" तो म्हणाला.

"बाई चांगली हाये," मी म्हणालो. "तिच्या घरच्यायले देजो."

त्याला आधी मस्करी वाटली. मग मी त्याला पहिला फोटो परत काढायला लावला, अख्खा, पायासकट, तोंडासकट, काळापांढरा. तो म्हणाला, "चाचा, याच्यात तुमी रडून राह्यले."

"रडलो होतो म्हनून ते हसली," मी म्हणालो. "मले काढलं त ते हसते कायले?"

त्यानं मग नीट छापून दिला. कडेला काळी पट्टी घालू का म्हणाला, मी नको म्हणालो.

घरी पोरगा डोक्याला हात लावून बसला. "बाबा, महाराजायले का सांगू? हार नाई घातला त सोयरे का म्हनतीन?"

"आन् घातला त?"

दोस्त तिथंच चहा पीत होता. म्हणाला, "घातला त तू बी मेला. मंग उद्यापासून चहा बंद."

"चहा चालू राहू दे," मी म्हणालो. "हार नको."

"हार नाई घातला त लोक म्हनतीन बाई जिती हाये," पोरगा म्हणाला.

"म्हनू दे."

पोरानं माझ्याकडं बघितलं, मग खिळ्याकडं, आणि स्टूल आणायला गेला.

श्राद्धाच्या दिवशी महाराजांनी भिंतीकडं पाठ करून सगळं केलं. सुपारी मांडली, तिलाच बायकोच्या नावानं पाणी दिलं, हारही सुपारीलाच घातला. मला वाटलं आता सोयरे तोंड पाडून बसतील, आणि तेरवीला आधार कार्डाच्या फोटोखाली बसले होते तसे गुपचूप जेवून जातील. पण तिचा मोठा भाऊ आत आला, चप्पल काढता काढता त्याची नजर वर गेली आणि तो दारातच थांबला. मग त्यानं आपल्या भावाला कोपरानं ढोसलं. "पाह्य, पाय दाजीचा." दोघंही हसायला लागले. बायका आतून आल्या. एकजण म्हणाली, "हेच व, असीच हसे ते. माह्या बारशात बी असीच हसली होती." ती तिची भाची, तिला बारशातलं काय आठवणार, पण कोणी टोकलं नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "आमच्या बहिनीनं लग्नानंतर तीन वर्षातच यायले ओरडाले शिकवलं."

पंगत बसली. महाराज पहिल्या पंगतीला, भिंतीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे आता तोंड तिच्याकडं. दोन घास जेवले की वर बघायचे, परत दोन घास. वरण दुसऱ्यांदा वाढताना मी जवळ गेलो, तेव्हा हळूच म्हणाले, "काटा कायचा होता?"

"बोरीचा."

"तरीच," महाराज म्हणाले. "बाभळीचा असता त येवढं दुखलं नसतं."

"बाभळीचा असता त मी आवाज बी काढला नसता," मी म्हणालो.

पंगतीतले सगळे हसले. हे खोटं होतं. बाभळीच्या काट्यालाही मी तसाच ओरडायचो, आणि हे पक्कं माहीत असलेलं एकच माणूस भिंतीवर होतं, पिन हातात घेऊन.