खिंडीतलं टपाल

मंदाताई ऑफिसात आल्या की चहाच्याही आधी खिंडीत जायच्या. खिंड त्यांच्या संगणकात होती.

जालना रोडवरच्या आमच्या लहानशा कंपनीकडे काही सरकारी कार्यालयांचे ईमेल सांभाळायचं काम होतं. प्रत्येक ईमेलला यंत्र गुण द्यायचं. संशय जितका जास्त, तितके गुण जास्त. पाचाची रेघ ओलांडली की स्पॅम, रवानगी थेट कचऱ्यात. मी नवी होते. कुठल्या गुणांना किती मेल, याचा आलेख यंत्र काढायचं; ताईंनी पहिल्याच दिवशी खिडकीच्या काचेवरल्या धुळीत बोटानं त्यातले दोन डोंगर काढले.

"हा डावीकडला, शून्यापाशी, भल्या माणसांचा. ह्यो उजवीकडला लबाडांचा, पंधराच्या आसपास. अन् मधी ही खिंड. तिथं टपाल लई कमी. पण ते कोणाचं, यंत्राला मालूम नसतं. ते आपण उघडून बघायचं."

काचेपलीकडे खरे डोंगर उन्हात विरघळत होते आणि त्यांच्या पायथ्याशी नव्या इमारती उगवत होत्या. बोटाचे डोंगर कुठले आणि खरे कुठले, क्षणभर मला कळेना.

ताई कन्नड तालुक्यातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायच्या, नजर कुठेतरी लांब. साहेब चेष्टेनं विचारायचे, "मॅडम, जाग्या आहात ना?"

"व्हय. खिंडीत हाय."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. शहरातल्या नळांचाही नेम राहिला नाही. एका सुस्त दुपारी आलेखातल्या खिंडीत, साताच्या जवळ, एक बारीक टेकाड दिसू लागलं. साहेब म्हणाले, "नवा स्पॅम आलाय. यातला एकही पाचाखालून निसटायला नको, रेघ तिनावर आणा."

ताईंनी आधी एकेक मेल उघडला. पाचोडकडच्या गावांनी टँकर मागितले होते. सगळे मेल एकाच नेट कॅफेतून आलेले, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव वेगळं. आणि प्रत्येकावर 'तातडीचे!!!'. यंत्राला वाटलं, कुणीतरी गठ्ठ्यानं जाहिराती पाठवतंय.

ताईंनी रेघ उलट आठावर नेली. साहेब भडकले, "वरच्यांच्या मेलमध्ये लॉटऱ्या शिरल्या तर नोकरी जाईल तुमची!"

"लॉटरी पुसता येती, साहेब. तहानेल्या गावाला काय सांगायचं?"

गावांचे मेल पोचले, टँकर गेले. लॉटऱ्याही शिरल्या, आणि ताईंना खरंच घरी बसवलं. मला रडू आवरेना. त्या मात्र पिशवी उचलता उचलता एवढंच म्हणाल्या, "रोज जात जा बरं का खिंडीत." दुसऱ्या दिवशी रेघ परत पाचावर आली.

आमच्या ऑफिसचं टपालही त्याच यंत्रातून जायचं. काही वर्षांनी एका सकाळी खिंडीत मला माझ्याच नावाचा मेल सापडला. 'तातडीचे!!! ताई लई आजारी हाय. या.' ताईंच्या भावानं कन्नडच्या कॅफेतून पाठवला होता. माझा फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. ताईंना ऑफिसातला माझा ईमेल तेवढा पाठ होता. मी मिळेल ती एसटी धरली.

ताई ओसरीवर पडून होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग ओठ हलले.

"मेलला किती गुण व्हते गं?"

"सहा."

"म्हंजे टाकूनच दिलं व्हतं की."

"मी खिंडीत गेले होते, ताई."

त्या हसल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.