आंब्याची तुळई

नातवाच्या दारात सुतार सागवानाला रंधा मारतोय. त्या वासानं मला महाराजांच्या संस्थानातलं शाहूवाडीचं आमचं नवं घर आठवलं.

खांब सागाचे होते, पण साग महाग म्हणून माझ्या मालकांनी मधली तुळई आंब्याची घातली. आंबा भार सोसत नाही म्हणून दस्तगीर सुतार नको म्हणत होते. कौलं चढली त्या दुपारी मी लेकीला पाजत बसले होते आणि डोक्यावर कर्रकन आवाज झाला. माती गळली. मी लेकीवर वाकून डोळे मिटून घेतले.

“वैनी, भिंतीकडंनं या! मधनं पळू नगासा!” दस्तगीर ओरडले. त्यांनी तुळईखाली टेकू देऊन खांदा लावला. लेकीला छातीशी धरून मी बाहेर पडले.

सागाच्या खांबांनी घर तोललं. पुढं तुळईही बदलली. तेव्हा वाटायचं, भ्यालेली मी एकटीच होते. आता टेकू धरलेले दस्तगीरांचे थरथरते हात दिसतात. दार तर त्यांच्याच जवळ होतं, तरी ते पळाले नाहीत.