मशीन बंद, मांडे चालू

भूतबाधा, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नव्हतो. मानणार तरी कसा? धामणगाव बढ्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली मोटार आपोआप सुरू झाली की लोक हात जोडतात. मी टेस्टर लावतो. माझा ठाम सिद्धांत होता — जगात जे काही हलतं त्यामागे एक तर करंट असतो, नाहीतर बायकोचा हुकूम. तिसरं कारण मला माहीतच नव्हतं. मग गेल्या वर्षीची आखाजी आली...

आधी माझ्या खांद्याचं सांगतो. विहिरीतून पाणबुडी मोटार वर काढताना दोर घसरला, तो मी एका हाताने धरला. मोटार वाचली, उजवा खांदा निखळला. हात बरेच दिवस झोळीत राहिला आणि झोळी सुटली तेव्हा दंड वाळल्या गिलक्यासारखा झालेला. चहाचा कपही उचलेना. बुलडाण्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "स्नायू झोपलेत. करंट देऊन उठवू."

करंट! आयुष्यभर ज्याच्यापासून हात वाचवला, तोच आता पैसे देऊन लावून घ्यायचा!

खांद्यावर आणि कोपराच्या खाली गार, चिकट पट्ट्या लावल्या. आधी मुंग्या आल्या, मग आतून कोणीतरी दोरी ओढल्यासारखा हात आपोआप वर गेला. समोरच्या खाटेवरच्या गृहस्थांना वाटलं मी रामराम करतोय. त्यांनी रामराम केला. हात खाली आला, थोडा थांबला, पुन्हा वर गेला. त्यांनी पुन्हा रामराम केला. चौथ्या वेळी ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुखणं मात्र खरंच उतरायला लागलं. मग मॅडमनी एक लहान मशीन घरी दिलं. वीस मिनिटं चालतं, पिपी करतं, आपलं आपण बंद होतं. "एका जागी बसून लावा. आणि स्वयंपाकघरात, पाण्याजवळ तर अजिबात नाही," असं बजावलं होतं. हे लक्षात ठेवा.

आता जिजी. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली ती कायमची आमच्याकडेच. डावखुरी, तिखट जिभेची, आणि मांडे करावेत तर तिनेच. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो — पुरण भरलेली पोळी थोडी लाटायची, मग हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि पालथ्या तापलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. इतरांचा मांडा उजवीकडून फिरतो, जिजीचा डावीकडून. शिकव म्हटलं की म्हणायची, "हे काय शिकवाचं हाय? हाताले समजते." आणि दरवर्षी नैवेद्याच्या आधीच अण्णा, म्हणजे माझे वडील, टोपलीकडे हात न्यायचे आणि जिजी डाव्या हाताने चापटी मारायची. अण्णा ऐंशीच्या पुढे गेले तरी चापटी चुकली नाही.

थंडीत जिजी गेली. त्या दिवसापासून अण्णांचं जेवण सुटलं. दोन घास खायचे आणि "राहू दे" म्हणून ताट सरकवायचे. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही नाही, खायला घाला. खायला घाला म्हणणं सोपं आहे हो!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांचा सण. घागर भरायची, त्यांना नैवेद्य दाखवायचा, मग आपण जेवायचं. जिजीची ही पहिली आखाजी. आदल्या दिवशी अण्णा माझ्या बायकोला म्हणाले, "शोभा, उद्या जिजी येईन. तिच्यापुढं काय ठेवशीन? तव्यावरची पोळी? ती उठून चालली जाईन. मंग मीबी नाही जेवत."

शोभा माघार घेणारी बाई नाही. सकाळीच मागच्या पडवीत चूल मांडली, खापर चढवलं. पहिला मांडा हातातच फाटला. दुसरा चुलीत गेला. तिसरा मांजराच्या अंगावर पडला आणि ते बिचारं पुरणासकट कुंपणावरून पळालं. शोभाच्या डोळ्यांत पाणी... धुराचं, असं ती म्हणाली.

मी शेजारी पाटावर, बनियनवर, उजव्या हाताला पट्ट्या लावून बसलो होतो. (पडवी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, असा मी सोयीस्कर अर्थ काढला होता.) शोभाने लाटलेली पोळी माझ्या हातांवर टाकली. "धरा जरा, खापर सरळ करते."

मशीनचा झटका आला. उजवा हात वर उचलला गेला. इथपर्यंत ठीक. पण त्याच्या आधी माझा डावा हात उठला होता — ज्याला एकही पट्टी नव्हती! पोळी डाव्या हातावरून सुटली, उजव्यावर पडली, फिरली, परत डावीकडे... माझे हात माझ्यासमोर चालले होते आणि मी पाहुण्यासारखा बघत होतो. बघता बघता पोळी कोपरापर्यंत गेली आणि अलगद, एकही घडी न पडता, खापरावर जाऊन बसली.

"आवं, काय करून राह्यले तुमी?" शोभा ओरडली.

"मी काहीच नाही करून राह्यलो!"

शोभाने माझ्याकडे पाहिलं. मांड्याकडे पाहिलं. दुसरी बाई किंचाळत पळाली असती. हिने पदर खोचला आणि दुसरी पोळी लाटायला घेतली. "थांबू नका. भूत असो का देव असो, पुरण सरेपर्यंत जाऊ देऊ नका!"

दुसरा झाला, तिसरा झाला... आणि मशीनने पिपी केलं. बंद. शोभाने पट्ट्या ओढून काढल्या. मला वाटलं, सुटलो. पण हात चालूच! चहाचा कप न पेलणारा खांदा मांडे झेलत होता आणि जरासुद्धा दुखत नव्हता.

वासाने अण्णा काठी टेकत दारात आले. माझ्या डाव्या हाताकडे नुसते बघत राहिले. शेवटचा मांडा टोपलीत पडला तसे ते पुढे वाकले आणि हळूच टोपलीत हात घातला.

फट्!

माझ्या डाव्या हाताने सख्ख्या बापाच्या हातावर चापटी मारली होती. अण्णांनी आयुष्यात मला एकदा उलटून बोलल्याबद्दल चपलेने बडवलं होतं. इथे तर मी...

अण्णांनी हात चोळला. मग त्यांचं बोळकं तोंड फुललं. "लागलं ना वं जिजे!" म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. हसता हसता डोळे पुसले. "निवद दाखव बे लवकर. भूक लागली मले."

दोन मांडे खाल्ले त्यांनी, आमरसात बुडवून. ताट सरकवलं नाही, पुसून खाल्लं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून बघितलेलं कुठेतरी साठलेलं असतं, करंटने चाळवलं असेल. मी विचारलं, "मॅडम, पट्ट्या उजव्या हाताला आणि चाळवला डावा?" त्यांनी मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला स्वयंपाकघरात लावू नका म्हटलं होतं ना?" मी घरी येऊन मशीन उघडलं, तारा तपासल्या, मीटर लावला. सगळं व्यवस्थित. माझ्या धंद्यात याहून वाईट बातमी नसते.

शोभा मात्र अजून आशेवर आहे. सण आला की पट्ट्या लावून मला चुलीपाशी बसवते आणि हातांवर पोळी टाकते. पोळी फाटते. मांजर तर आता मशीन दिसलं की आधीच कुंपण गाठतं. त्या दिवशी हात कशाने चालले, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही.

अण्णा पोटभर जेवतात. फक्त काही गोडधोड असलं की नैवेद्याच्या आधी मुद्दाम ताटाकडे हात नेतात, मधेच थांबवतात आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत राहतात.