रफीकभाईंच्या मशीनवरून आलेला नकार

असे अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलोय, निव्वळ करमणूक म्हणून. बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मध्येमध्ये शेरे मारायचो... ‘वायर लूज असेल’, ‘मांजर असेल’, ‘जेवण जड झालं असेल’. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्हीही शेरे मारायला मोकळे आहात. फक्त वायर लूज नव्हती, एवढं आधीच सांगतो. ती तपासणं हाच माझा धंदा आहे.

माझं गाव कोरीट. नंदुरबारला माझं कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगचं दुकान आहे. नवापूरला हनीफशेठचा पोल्ट्री फार्म होता, तिथलं सगळं काम माझ्याकडे असायचं. त्या वर्षी शेजारच्या फार्मवर बर्ड फ्लू निघाला आणि शेठच्या लक्षात आलं की आपल्यालाही आज ना उद्या सील लागणार. सील लागलं की ऑफिसात पाऊल ठेवता येत नाही, पण ऑर्डरी, औषधं, पिल्लं कुठे गेली... हे सगळं तर डेस्कटॉपवरच. म्हणून शेठनी मला बोलावलं. गावातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर एक सर्व्हर बसवायचा, आणि माणसांनी घरून त्या सर्व्हरमार्गे फार्मवरच्या आपापल्या मशीनवर काम करायचं, असं ठरलं.

फार्मच्या आत जायचे नियम कडक. गेटवर आपली चप्पल रॅकमध्ये काढायची, आंघोळ करायची, फार्मचे कपडे आणि गमबूट घालूनच पुढे. रॅकमध्ये जितके जोड, तितकी माणसं आत... गेटवरचा वॉचमन वर्षानुवर्षं असाच हिशोब ठेवायचा आणि तो कधी चुकला नव्हता.

ऑफिसात पाच मशीन होत्या. शेवटची कोपऱ्यातली रफीकभाईंची. रफीकभाई सुपरवायझर, मूळचे म्हसावदचे, आणि अहिराणी बोलायला लागले की आम्हा पाटलांनी लाजावं अशी. मी सेटिंग करत होतो तेव्हा ते शेजारी उभे राहून मला पिडत होते.

“योगेशभाऊ, आते घर बशीसन काम करनं पडी का? मंग मन्ही बायको माले भाजी निवडाले लावी!”

मी लॅपटॉपवरून त्यांच्या मशीनला जोडून पाहिलं, तशी त्यांच्या स्क्रीनवर एक चौकट आली. “हाई काय ऊनं?” हे काय आलं, म्हणून त्यांनी विचारलं.

म्हटलं, “रफीकभाई, तुम्ही मशीनवर बसलेले असताना मी बाहेरून यायला लागलो, तर ते तुमची परवानगी मागतं. होकार द्या, नाहीतर नकार द्या. आणि काहीच दाबलं नाही तर थोडा वेळ वाट बघून ते मला आपोआप आत सोडतं.”

हा मुद्दा कृपया लक्षात असू द्या. खुर्ची रिकामी असेल तर मशीन नकार देत नाही. नकार यायला कुणीतरी बटण दाबावं लागतं. रफीकभाईंनी होकाराचं बटण दाबलं आणि माझ्या माउसचा बाण त्यांच्या स्क्रीनवर फिरलेला बघून खूश झाले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं.

दुसऱ्याच दिवशी सील लागलं. एकच गडबड उडाली. सगळ्यांना उचलून दवाखान्यात कोंडणार अशी अफवा उठली आणि फार्मची निम्मी माणसं घरी न जाता गाडी पकडून थेट सुरतेला पळाली. वॉचमनने रॅक पाहिला, रॅक रिकामा होता. सरकारी पथकाने ऑफिसात आणि मागच्या बोळात चुन्याची भुकटी पसरली, कुलूप लावलं, कागद चिकटवला. रफीकभाई घरी आले नाहीत आणि त्यांचा फोन बंद. त्यांचा भाऊ सुरतेला असतो, म्हणून सगळे धरून चालले की तेही तिकडेच गेले असणार. भावाचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, इथे आलाच नाही. तरी लोक म्हणत, येईल.

एकट्या नूरभाभींना, म्हणजे रफीकभाईंच्या बायकोला, ते पटलं नव्हतं. त्या रोज शेठच्या दारात येऊन एकच सांगायच्या, की ते आतच आहेत. “त्या माले सांगाशिवाय कोठेच जातस नही. त्या मझारच शेतस. मन्हं कोनी ऐकी नही ऱ्हायनं.”

सर्व्हरची इंटरनेट लाइन मिळायला आणखी दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी मी शेठच्या वरच्या खोलीत बसून एकेक मशीन जोडायला घेतली. चार मशीन लोण्यासारख्या जोडल्या गेल्या. पाचवीला, रफीकभाईंच्या मशीनला, संदेश आला की तिथला माणूस काम करतोय, त्याची परवानगी मागितली आहे. म्हटलं ठीक आहे, घाईत लॉगिन तसंच राहिलं असेल, वाट बघू. आणि लगेच दुसरा संदेश आला. परवानगी नाकारली.

मी पुन्हा केलं. नकार. सर्व्हर बंद करून चालू केला, पुन्हा नकार. सर्व्हर बाजूला ठेवून माझ्या लॅपटॉपवरून थेट प्रयत्न केला. कधी लगेच, कधी जरा थांबून, जणू समोरचा माणूस आधी वाचतोय... पण नकारच. तुम्ही म्हणाल कॅमेरा का नाही बघितला. कॅमेरा फक्त गेटवर होता, आणि गेटवर कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

मी खाली जाऊन शेठला विचारलं. शेठ वैतागले. “अरे योगेश, आत कोण बसणार? सील लागलंय ना भाई!”

“शेठ, पण बटण कोणीतरी दाबतंय.”

नूरभाभी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. मला म्हणाल्या, “भाऊ, खरं सांग.”

आणि मी त्यांना खरं ते सांगितलं. माझ्या विद्येच्या तोऱ्यात सांगितलं. “भाभी, त्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय. जिवंत माणसाशिवाय हे होऊच शकत नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि रडत रडत हसल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, ती काडी मी दिली.

दुसऱ्या दिवशी फार्ममध्ये विषारी धुरी देणार होते. आत माणूस असता तर वाचला नसता. शेठनी मग हातापाया पडून अधिकाऱ्यांना कुलूप उघडायला तयार केलं. त्याच दुपारी आम्ही सगळे फार्मच्या रस्त्यावर, दोरीच्या अलीकडे उभे. नूरभाभींनी घरून डबा आणला होता, उपाशी असतील म्हणून. दोन डॉक्टर पांढरे सूट घालून आत गेले. बराच वेळ झाला. एक जण बाहेर आला, आमच्याकडे न बघता शेठना बाजूला घेऊन गेला, आणि शेठ तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले.

रफीकभाई आतच होते. ऑफिसमागच्या बोळाच्या टोकाला अंडी ठेवायची थंड खोली आहे, तिथे ट्रेच्या मागे पडलेले. हृदय बंद पडून गेले, आणि गेले ते सील लागलं त्याच दिवशी. मी नंतर त्या डॉक्टरांना गाठून विचारलं की थंडीमुळे अंदाज चुकू शकतो का. ते म्हणाले, तासांचा चुकेल, दिवसांचा कसा चुकेल? आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. बोळातला चुना जसाच्या तसा होता. रफीकभाईंच्या खुर्चीभोवतीसुद्धा. डॉक्टरांच्या आधी त्याच्यावर कोणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं.

रॅक रिकामा का होता, तेही कळलं. अंड्यांच्या गाडीचा ड्रायव्हर आधीच्या फेरीला आपल्या चपला हातात घेऊन फार्मचे गमबूट घालूनच घरी गेला होता आणि त्या दिवशी त्याच बुटांत आला होता. पळापळीत बूट जाळायला काढून घेतले, तर हा रॅकमध्ये उरलेला एकमेव जोड पायात घालून निघून गेला. तो जोड रफीकभाईंचा होता. दफन झाल्यावर तो पिशवीत त्या चपला घेऊन रफीकभाईंच्या घरी आला. घरात यायची त्याची हिंमत झाली नाही, ओट्याशी उभा राहून ओक्साबोक्शी रडला.

ज्या दुपारी रफीकभाईंना बाहेर काढलं, त्याच संध्याकाळी मी शेठच्या घरी परत गेलो आणि मशीनला जोडून बघितलं. का, ते विचारू नका. स्वस्थ बसवेना. तोच संदेश आला, परवानगी मागितली आहे. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. कोणी होकार दिला नाही, कोणी नकार दिला नाही. वेळ संपली आणि मशीनने मला आत सोडलं. स्क्रीनवर काहीही नव्हतं, औषधांची एक अर्धवट फाइल उघडी होती. मी तिथे रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

नंतर माझ्या ओळखीच्या, माझ्याहून हुशार लोकांना मी मशीनच्या नोंदी दाखवल्या. नोंदीत साफ दिसतं की त्या सकाळचा प्रत्येक नकार त्याच मशीनच्या समोरून, रफीकभाईंच्या लॉगिनमधून दिलेला आहे. कोणी म्हणतं सॉफ्टवेअरची खोट असेल. असेलही. पण मी तशी खोट मुद्दाम आणायचा पुष्कळ प्रयत्न केला, पुन्हा कधी आली नाही.

गावातल्या लोकांनी मात्र आपलं उत्तर काढलंय... रफीकभाईंनीच बोलावून घेतलं, नाहीतर मयत तिथेच पडून राहिली असती. ऐकायला बरं वाटतं. मीही बरेच दिवस तेच धरून बसलो होतो.

काही महिन्यांनी मी नवापूरला गेलो तेव्हा नूरभाभींकडे जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, पोरांची चौकशी केली. मी निघताना उंबऱ्याशी त्यांनी मला थांबवलं.

“भाऊ, बठ्ठा म्हंतस, त्यासनी बलाई लिधं. बलावनारा ‘ये’ म्हनस ना? त्या तर घडीघडी ‘नही’च म्हनी ऱ्हायंतात.” “कोन्ले म्हनी ऱ्हायंतात, भाऊ? तुले का माले?”