ज्वारी उगवलेली भिंत

आष्ट्याहून इस्लामपूरकडे जाताना उसाच्या रानात आमचं घर आहे. ‘आमचं’ म्हणताना मला अजून गुदगुल्या होतात, कारण ते बांधलं कुण्या वकिलांनी, रविवारी येऊन आंबे खायला. त्यांची नातवंडं परदेशी गेली आणि घर बरीच वर्षं कौलांत घरटी करणाऱ्या साळुंक्यांच्या ताब्यात राहिलं. सांगलीतला फ्लॅट भाड्यानं देऊन आम्ही ते घेतलं, तेव्हा साळुंक्यांनी आमच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढे ऐसपैस व्हरांडा. दारात एक पांढरा चाफा, मागे दोन चिकू आणि बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. तिच्यात कमळ लावायचं असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बायको म्हणाली, “आधी तिच्यातला बेडूक कुठं जाणार ते ठरवा.” बेडूक अजून तिथंच आहे. कमळ नाही.

घराची पुढची भिंत तेवढी आजारी होती. कुणीतरी तिला सिमेंट फासलं होतं, आणि ते ताटाएवढे पोपडे धरून गळत होतं. आष्ट्याचे एक म्हातारे गवंडी आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांनी डॉक्टरसारखी भिंत ठोकून पाहिली, कान लावला आणि म्हणाले, “आत माती वल्ली हाय आन् वर शिमिट चढवलंय. जीव गुदमरलाय तिचा. चुना करूया, सर.”

चुना म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मी लगेच होकार देऊन टाकला. पुष्कळ वर्षांत त्यांच्याकडे चुन्याचं काम कुणी मागितलंच नव्हतं.

त्यांचा मुलगा इस्लामपुरात इमारती बांधतो, अर्थात सिमेंटच्या. तो दुसऱ्या दिवशी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, तुमची हौस म्हणून करू द्या. पण अब्बांना सांगितलंय, ही शेवटची भिंत. तडा गेला की थापी खाली ठेवायची आणि घरी बसायचं. या वयात परांचीवरून पडले तर मी काय करू?”

परांचीवर चढलेल्या चाचांना हे सगळं ऐकू येत होतं. “आन् तडा न्हाई गेला तर?”

“मग माझ्या साइटवर या. काय करायचं ते करा.”

“सर, ऐकलं न्हवं? साक्षीदार हाय तुमी!”

साक्षीदाराची भूमिका मला फार आवडली. मी कमरेवर हात ठेवून गंभीरपणे मान हलवली.

मग चुना खड्ड्यात मुरत पडला. त्यात वाळू, हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. या भागात गुळाची ढेप घरात आणली की पहिला खडा तोंडात जातो. भिंतीच्या वाट्याला उरलेला आला. चाचांनी गिलावा चढवला आणि लाकडी थापीनं दिवसभर थोपटून थोपटून असा बसवला, की हात लावला तर ताज्या खरवसाची आठवण यावी. नंतर त्यांनी खिळे मारून सगळ्या भिंतीवर ओली पोती टांगली.

“आता एकवीस दिस ही बाळंतीण समजायची. दिसातनं तीन टाइम पाणी. ऊन न्हाई, वारं न्हाई, आन् पाव्हणं तर मुळीच न्हाईत.”

मी दिवसातून तीनदा तांब्यानं अभिषेक करू लागलो. आणि सहाव्या दिवशी चमत्कार झाला. पोती मार्केट यार्डातली होती, ज्वारीची. सांदीकोपऱ्यात अडकलेले दाणे उगवले आणि भिंतीला हिरवी दाढी आली! बागेत मी लावलेलं एकही रोप जगलं नव्हतं, आणि इथं भिंत पिकत होती. चाचांनी ते अंकुर कुरवाळले. “ब्येस. म्हंजी वल टिकलीया.” मग भाचीच्या लग्नाला ते चार दिवस मिरजेला गेले.

नेमका त्याच चार दिवसांत आमच्या वास्तुशांतीचा मुहूर्त होता. आणि साताऱ्याहून बायकोची थोरली बहीण येणार होती. साताऱ्यात तिचा नवा बंगला आहे, पुढून सगळा काचेचा. तो दाखवताना तिनं मला चपला तीनदा काढायला लावल्या होत्या. अशा बाईनं आमच्या दारात येऊन पहिल्यांदा काय पाहायचं? दाढीवाली गोणपाटं?

“पोती राहू देत,” बायको म्हणाली. “चाचांनी सांगितलंय.”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मी पोती उतरवून चिकूमागे टाकली आणि त्याच खिळ्यांवर झेंडूची माळ चढवली. एप्रिलचं ऊन भिंतीवर पडलं आणि ती चकाकली. मेहुणी गाडीतून उतरली, भिंतीवर तळवा फिरवला आणि माझ्याकडे वळली.

“जावईबापू, हा संगमरवर कुठून आणलात?”

त्या क्षणासाठी मी आणखी दहा पोती उतरवली असती. मग काय, भिंतीला टेकून फोटो, भिंतीकडे बोट दाखवून फोटो, भिंतीला गाल लावून फोटो. ती सोमवारी सकाळपर्यंत राहिली आणि पोती चिकूमागेच राहिली.

सोमवारी तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी खुशीत मागे वळलो आणि भिंत पाहिली. म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारखं तड्यांचं जाळं, खिडकीपासून दारापर्यंत. मी तोंड मिटायच्या आत दुसरी गाडी येऊन थांबली. मुलगा चाचांना मिरजेहून घेऊन थेट आमच्याकडे आला होता. भिंत दाखवायचीय, असा वाटभर त्यांनी आग्रह धरला होता म्हणे.

चाचा भिंतीजवळ गेले. तड्यावरून बोट फिरवलं. खिळ्यांवरची वाळलेली माळ पाहिली, जोत्यावर पडलेले गोणपाटाचे धागे पाहिले, मग मला पाहिलं. मी चाफ्याकडे पाहिलं.

“गूळ जरा ज्यादा पडला आसंल,” ते मुलाला म्हणाले. “हात चुकला माझा.”

मुलानं खिडकीतली थापी उचलली. त्यानं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो अगदी हळू म्हणाला, “चला अब्बा. घरी जाऊ.” आणि चाचांनी खरोखरच पिशवी उचलली.

मी चाफ्याची फुलं मोजू लागलो. तेवढ्यात दारातून बायकोचा आवाज आला, “तुम्ही बोलताय, का मी बोलू?”

“थांबा!” मी ओरडलो. हात आपोआप वर गेला. कॉलेजच्या नाटकांची सवय. “गुन्हेगार मी आहे!”

मुलगा कसनुसा हसला. “सर, तुमचं मन मोठं आहे. पण त्यांचं वय झालंय, हे तुम्हालाही दिसतंय.”

आयुष्यात एकदा मी खरं बोललो, तर ते औदार्य ठरलं! मी मोबाइल काढला. मेहुणीनं पाठवलेले सगळे फोटो त्याच्यासमोर धरले. “हा शनिवार. गाल लावलाय ना, तिथं बघा, एक तरी तडा आहे का? हा रविवार, दुपारचं ऊन बघा. पोती कुठं दिसतात का?” मग चिकूमागे धावलो आणि पोती ओढत आणली. वरची ज्वारी करपली होती, सावलीतली अजून हिरवी होती.

त्यानं एक पोतं उचलून उलटसुलट केलं. “पाहुण्यांसाठी काढली?”

“मेहुणीसाठी.”

आणि चाचा हसायला लागले. पिशवी खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून हसले. “आरं, माझ्या निकाहच्या टायमाला माझ्या बानं बी ह्येच केलतं! वरात येणार म्हणून पोती काढली. धा दिसाची भित! आशी तडकली, बा माझा हळदीच्या अंगानं पाणी मारायला लावत हुता मला.”

“मग?” मुलगा म्हणाला.

“मग काय? त्याच घरात जल्मलास की तू. कवा पडली का भित तुझ्या अंगावर?” ते भिंतीकडे वळले. “वरची साय फाटलीया नुसती. खाली दूध हाय. पाणी आणा सर, आन् तोंड बंद ठेवा.”

आम्ही भिंत भिजवली. चाचांनी पातळ चुना तड्यांत जिरवला आणि थोपटायला लागले. खालचं त्यांनी केलं. वरचं राहिलं, तसे ते परांचीकडे निघाले. मुलानं त्यांना हातानं अडवलं, बूट काढले, पँट दुमडली आणि स्वतः वर चढला. “सांगा, कसं मारायचं.” “हळू रं. शिमिट न्हाई ती.” दुपारभर दोन थाप्यांचा आवाज येत होता. आधी वेगवेगळा, चार वाजेपर्यंत जवळजवळ एक.

मला शिक्षा झाली: एकवीस दिवस पहिल्यापासून, पाणी माझ्याच हातानं.

पावसाळा गेला, भिंतीवर रेघ नाही. चिकूमागे पडलेली ज्वारी वर आली, कणसं धरली आणि पोपटांनी खाल्ली. चाचा मुलाच्या साइटवर जातात. एका डॉक्टरांनी तिथं एक खोली चुन्याची मागितली, ती पाहून माधवनगरच्या कुणी दुसरी मागितली. वर चढायला मुलानं माणूस दिलाय, चाचा खाली उभे राहून त्याला शिव्या देतात.

चुन्यासाठी थांबलेली आमची मागची खोली मात्र तशीच आहे. परवा फोन केला तर म्हणाले, “लाइन लागलीया, सर. तुमी साक्षीदार, तुमाला शेवटी.”

मेहुणी विचारत असते, खोली कधी होणार. मी सुस्कारा सोडून सांगतो, “काय करणार, आमच्या चाचांना वेळच नाही.” बायको म्हणते, हे सांगताना माझी छाती किती पुढे येते ते एकदा आरशात बघा.