सर्व्हरचा नारळ

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा एक कारखाना होता. तिथे मी ‘कॉम्प्युटरवाले साहेब’ होतो. साहेब म्हणायचं ते एवढ्यापुरतंच, की बाकीच्यांच्या नखांत रंग असे आणि माझ्या नखांत नसे. ऑर्डर एका मशीनवर, गोदामातला माल दुसऱ्यावर, ट्रकची भराई तिसऱ्यावर, आणि मी दिवसभर फ्लॉपी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. निळी मोरवाली चटई शिल्लक आहे का, एवढं बघायला लोक सरळ गोदामापर्यंत चालत जात, कारण माझी तीन मशीनं तीन उत्तरं देत.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं तेव्हा शेठनी सर्व्हर घ्यायचं ठरवलं. एकच मोठं मशीन आणि सगळा कारभार त्यावर.

“मशीन मी घेतो,” ते म्हणाले. “त्याच्यात सिस्टिम कोणती टाकायची ते तुम्ही ठरवा, भाऊ. मला त्यातलं काही समजत नाही. तुम्ही म्हणाल ते.”

एखाद्याला अडकवायचं असेल तर त्याला असंच सांगावं. मी मात्र त्या दिवशी खोलीवर जाताना शीळ घालत होतो.

खोलीवर म्हणतोय, घरी नाही. घर धुळ्याला होतं. बायको तिथल्या शाळेत शिकवायची, चार वर्षांची मुलगी होती, आई त्यांच्याजवळ होती. मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीने अडीच तास हादरे खात जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचो. पुढच्या वर्षीच्या जूनपासून धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघणार होती आणि प्राचार्यांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. शेठपासून मी हे लपवलं नाही. तेही दिलदारपणे म्हणाले, “सर्व्हर बसवा, चालवायला एक माणूस तयार करा आणि खुशाल जा. पेढे मी वाटेन.”

म्हणजे मी जी सिस्टिम निवडेन ती दुसऱ्या माणसाला किती दिवसांत येते, त्यावर माझं धुळ्याला जाणं ठरणार होतं. हे मला तेव्हाच लख्ख कळत होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

दोन सिस्टिमी समोर होत्या, एनटी आणि युनिक्स. एनटी दाखवायला नाशिकहून एक टायवाला आला. भर मे महिन्यात जळगावात टाय! त्याने घाम पुसत पुसत पडद्यावर खिडक्या उघडल्या, मिटल्या, माउस इकडून तिकडे नेला, आणि मग आमच्या डिस्पॅच क्लार्कला म्हणाला, “या, तुम्ही बसा.” हा क्लार्क फैजपूरकडचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सरळ माणूस. अर्ध्या तासात तो नवीन माणसाचं खातं उघडू लागला, छपाई रांगेला लावू लागला. शेवटी माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाला, “साहेब, हे तर सोपं आहे!”

पुण्यात भाड्याच्या खोलीत उकडलेले बटाटे खाऊन मी युनिक्स शिकलो होतो. काळा पडदा, त्यावर टाईप करायच्या तुटक आज्ञा, एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. ते जमणारा अख्ख्या कारखान्यात, आणि माझ्या मते अख्ख्या जळगावात, मी एकटा. आणि हा फैजपूरवाला अर्ध्या तासात म्हणतो, सोपं आहे.

युनिक्स मीच दाखवलं. उसनं मशीन आणून मी एक लांबलचक आज्ञा ठोकली आणि पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला. ऑफिसातले झाडून सगळे माझ्यामागे उभे. टायपिस्ट बाई हळूच म्हणाल्या, “बाई बाई, यांना हे सगळं पाठ आहे?” मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि आणखी एक आज्ञा ठोकली, जिची काडीचीही गरज नव्हती.

मग शेठसाठी मी तक्ता केला. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेल्या रुंद कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडे एनटी, उजवीकडे युनिक्स, आणि प्रत्येकाखाली गुण आणि दोष असे रकाने. युनिक्सला टेबलोटेबली नुसती साधी टर्मिनलं चालतात, अख्खे कॉम्प्युटर लागत नाहीत. धूळ आणि उन्हापासून एकच मशीन सांभाळायचं, तेवढ्यालाच एसी लावायचा. जुने प्रोग्रॅम थोड्या दुरुस्तीने त्यावर जातात. असे दहा मुद्दे होते. त्यातले नऊ मी आजही कोणापुढेही छातीठोकपणे मांडीन. शेठनी कागद हातात धरला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले आणि विचारलं, “म्हणजे युनिक्स?” मी म्हणालो, “युनिक्स.” त्यांनी मान डोलावली आणि तक्ता मलाच परत दिला.

सर्व्हर गणपतीनंतर आला आणि दसऱ्याला त्याची पूजा झाली. आमच्या कारखान्याची दसऱ्याची एक रीत होती. गोदामाची चाबी ज्याच्याकडे असेल त्याला शेठ नारळ देत. तो फोडायचा नाही, लाल फडक्यात बांधून टांगायचा, आणि तो माणूस आहे तोवर दुसऱ्या कोणी त्या चाबीला हात लावायचा नाही, शेठनीसुद्धा नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात दोघांकडे चाब्या होत्या आणि एका संध्याकाळी दोघांनाही वाटलं की कुलूप दुसऱ्याने लावलं. तेव्हापासून एक कुलूप, एक माणूस.

त्या वर्षी शेठनी दोन नारळ आणले होते. पहिला नेहमीप्रमाणे गोदामाच्या दारावर पूजला. दुसरा घेऊन ते एसीच्या खोलीत आले, सर्व्हरला हळदकुंकू लावलं आणि मला विचारलं, “याची चाबी काय असते, भाऊ?”

मी सांगितलं, याला ‘रूट’ म्हणतात. रूटचा पासवर्ड ज्याला माहीत तो मशीनचा धनी. वीज अवेळी गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं तर ते पुन्हा सुरू होताना तोच पासवर्ड मागतं, फायली तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

“मग तो कुठे लिहायचा नाही, कोणाला सांगायचा नाही,” शेठ म्हणाले आणि नारळ माझ्या हातात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

गोदामाची चाबी सांभाळणारे नाना दाराशी उभे होते. अठरा वर्षं चाबी त्यांच्या कमरेला. सगळे सोनं वाटायला पांगल्यावर ते माझ्याजवळ आले.

“भाऊ, नारय हातमा लेवाना पहिले इचार करी लेता,” ते म्हणाले. “मनी बहीणनं लगीन पारोयाले व्हतं. अक्षता टाक्यात अन जेवाना पहिले परत उनू. चाब्या मनाजोडे व्हत्यात ना!”

मी हसलो. म्हणालो, “नाना, ते कुलूप आहे, हे कॉम्प्युटर आहे.” ते कमरेची चाबी चाचपत गोदामाकडे निघून गेले.

फाल्गुनात विजेने छळ मांडला. बॅटरीवर मशीन अर्धा तास तग धरायचं आणि वीज दोन-दोन तास यायची नाही. मी जागेवर असेन तर आधीच नीट बंद करायचो. जागेवर नसेन तर ते आपलं आपण कोसळायचं आणि पुन्हा उठताना माझी वाट बघत बसायचं.

मुलीच्या वाढदिवसाच्या शनिवारी मी दुपारीच निघालो. पिशवीत तिच्यासाठी फ्रॉक होता. एसटी पारोळ्याच्या स्टँडवर टेकली, तर समोर शेठची जीप उभी. ड्रायव्हर खिडकीखाली येऊन हात जोडून म्हणाला, “साहेब, मशीन उठत नाही. सहा ट्रक फाटकात उभे आहेत.”

कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मी खाली उतरलो होतो. नाना ज्या गावातून उपाशी परतले, त्याच गावातून मी परतलो. सर्व्हरसमोर बसून पासवर्ड टाकला, फायली तपासू दिल्या. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. तोवर धुळ्याला मेणबत्त्या विझवून झाल्या होत्या. रविवारी सकाळी पोचलो तेव्हा फ्रॉक तिला लहान झाला होता, कारण मापही मी अंदाजानेच घेतलं होतं. फार राग आला. शेठचा, विजेचा, त्या नारळाचा. स्वतःचा तेवढा आला नाही.

जूनच्या सुरुवातीला कॉलेजचं पत्र आलं. येत्या सोमवारी हजर व्हावं, अन्यथा जागा दुसऱ्यास देण्यात येईल. मी ते घेऊन शेठकडे गेलो आणि म्हणालो, “मी पासवर्ड तुम्हाला सांगून जातो.”

शेठनी खरोखर दोन्ही कानांवर हात ठेवले. “मला नका सांगू, भाऊ! मी चाबीवाला नाही. माणूस दाखवा. त्याच्या हातात नारळ देतो आणि तुम्हाला स्टँडवर सोडायला मी स्वतः येतो. आपला फैजपूरवाला कसा आहे? हुशार आहे. तुम्ही आठ महिन्यांत त्याला शिकवलं असेलच ना?”

मी शिकवलं नव्हतं. तो दोनदा वही घेऊन आला होता, दोन्ही वेळा मी त्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून वाटेला लावलं होतं. आणि आता शेठसमोर उभा राहून मी म्हणालो, “त्याला जमणार नाही.”

“मग?” शेठनी विचारलं. मी कॉलेजच्या पत्राची घडी घातली. बाहेर आलो, तर एसीच्या खोलीत सर्व्हरच्या वर तो नारळ लाल फडक्यात तसाच टांगलेला. सहज हातात धरून हलवला. आत पाणी वाजत नव्हतं, नुसता सुटलेला गोटा खडखडत होता.

त्या शनिवारी मी धुळ्याला गेलो ते मनाशी ठरवून, की सोमवारी कॉलेजात हजर व्हायचं, मशीनचं काय व्हायचं ते होवो. बायकोलाही तसं सांगितलं. तिने माझा इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला.

छापून किंवा लिहून वाया गेलेले कागद मी नेहमी घरी आणायचो, मागची बाजू कोरी असायची म्हणून. मुलीची सगळी चित्रं त्यावरच. रविवारी दुपारी तिने एक चित्र माझ्यापुढे धरलं. घर होतं, घरात आई, आजी आणि ती स्वतः. घरापासून दूर कागदाच्या टोकाला लाल एसटी होती आणि तिच्या खिडकीत एक गोल तोंड.

“हे कोण?” मी विचारलं.

“बाबा,” ती म्हणाली. “बाबा गाडीत राहतात.”

आई हसली. बायको हसली नाही. तिने तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि परत माझ्यापुढे ठेवला. तो माझा तक्ता होता. ती मुलांच्या वह्या तपासते तसं तिने एनटीच्या दोषांच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणीही चालवू शकेल.’

“या कागदाची ही बाजू मी कधीच वाचली होती,” ती म्हणाली. “अहो, हे तुम्ही दोषांत का लिहिलंत?”

मी तिला विजेचं सांगितलं, धुळीचं सांगितलं, टर्मिनलांचं सांगितलं. तिचं बोट त्या ओळीवरच होतं. मुलगी तेवढ्यात कागद मागून घेऊन गेली, कारण एसटीला चाकं काढायची राहिली होती.

सोमवारी पहाटे मी उठलो. खुंटीवरचा शर्ट घातला. कॉलेज घरापासून उजवीकडे होतं. मी डावीकडे वळून स्टँडवर गेलो, जळगावची गाडी लागलेली होती. गर्दी नव्हती. मला खिडकीतली जागा मिळाली.